धागा: सी ड्राइव्ह लाल, बाजूला जागा रिकामी, तरी जोडता येत नाही. पार्टिशनचे प्रकार कोणी नीट समजावून सांगेल का?

आर्णीरोड_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातल्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे, सोबत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं काम. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन लागते, त्याच्या आत मशीन नीट करून घ्यायची आहे. अडचणी दोन.

पहिली. असेम्बल कॉम्प्युटर आहे, विंडोज १०, एक टीबीची हार्ड डिस्क. सी ड्राइव्ह १०० जीबीचा, तो लाल झाला. फोटोशॉप उघडलं की 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणते, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या फाइलींची जागा भरली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ओळीनं असं दिसून राहिलं: सिस्टिम रिझर्व्हड ५०० एमबी, मग सी १०० जीबी, मग डी ३०० जीबी, आणि शेवटी एक हिरवी चौकट. त्या चौकटीत ई ४४० जीबी आणि ९० जीबी पोपटी रंगाची 'फ्री स्पेस'. सी वर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिक्कं, दबतच नाही. ९० जीबी मोकळी पडून आहे, मग जोडत काहून नाही?

दुसरी. लग्नाच्या शूटिंगसाठी ४ टीबीची नवी हार्ड डिस्क आणली. तिच्यात २०४८ जीबीचंच पार्टिशन झालं. पुढं १६७८ जीबी काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' आहे आणि त्यावर काहीच करता येत नाही. डिस्क खराब आहे का?

प्रायमरी, लॉजिकल, एमबीआर, जीपीटी, एनटीएफएस हे सगळं यूट्यूबवर एकाच दमात सांगतात, डोक्यात गुंता होते. कोणी मुळापासून सांगितलं तर लय उपकार होतील.

संत्रापट्टा_वरुड

भाऊ, आधी सी मधलं टेम्प साफ करा, डाउनलोड फोल्डर दुसरीकडे हलवा. हायबरनेशन वापरत नसाल तर बंद करा, त्याचीच काही जीबीची फाइल सी वर बसलेली असते. आणि फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क म्हणून ई निवडा. तेवढ्यानं सीझन निघून जाईल. पार्टिशनचं जाणकार सांगतीलच.

पूर्णाकाठ

मी मूर्तिजापूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तुम्ही ओळीनं लिहिलं म्हणून चित्र पूर्ण समजलं. डिस्क खराब नाही, मशीनही खराब नाही.

गुंता होतो कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली सांगितल्या जातात. पहिली: डिस्कवर पार्टिशनची नोंद कोणत्या पद्धतीनं ठेवली आहे, एमबीआर की जीपीटी. ही पूर्ण डिस्कची गोष्ट आहे. दुसरी: त्या नोंदीत एखादा भाग कोणत्या नात्यानं बसला आहे, प्रायमरी, एक्स्टेंडेड की लॉजिकल. तिसरी: त्या भागाच्या आत फाइली कोणत्या पद्धतीनं लावल्या आहेत, म्हणजे एनटीएफएस, फॅट ३२, एक्सफॅट वगैरे. तुमचा सी एमबीआर डिस्कवरचा, प्रायमरी, आणि आतून एनटीएफएस आहे. तिन्ही एकाच वेळी खरं आहे.

आता एमबीआर. डिस्कवरच्या जागेचा लहानात लहान तुकडा म्हणजे सेक्टर. डिस्कचा सगळ्यात पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले ४४६ बाइट मशीन उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, मग ६४ बाइटचा तक्ता, शेवटी २ बाइटची खूण. तक्त्यातली एक नोंद १६ बाइट घेते, म्हणून ६४ बाइटमध्ये नोंदी चारच. चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन न होण्याचं कारण एवढंच आहे. ही रचना १९८३ ची, डॉस २.० सोबत आलेली. त्या वर्षीच्या आयबीएमच्या एक्सटी मशीनमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती, तिला चार नोंदी भरपूर झाल्या.

पुढं डिस्क मोठ्या झाल्या, चार पुरेनात. मग चारपैकी एक नोंद 'एक्स्टेंडेड' करायची आणि तिच्या पोटात पाहिजे तेवढे 'लॉजिकल' भाग पाडायचे अशी सोय झाली. गटात चार हिस्से आणि चौथ्या हिश्श्याचे पोटहिस्से, असं समजा. पोटहिश्श्यात पडीक राहिलेली जागा पहिल्या हिश्शेदाराच्या सातबाऱ्यावर चढत नाही. तुमची ९० जीबी तशीच आहे. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट एमबीआर डिस्कवर पहिली तीन पार्टिशनं प्रायमरी करतं आणि चौथं सांगितलं की आपणच एक्स्टेंडेड बांधून त्यात लॉजिकल टाकतं. सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी हे तीन झाले, ई चौथा आला, आणि हिरवी चौकट तयार झाली. म्हणून तिथं पोपटी 'फ्री स्पेस' लिहिलेलं दिसतं. चौकटीबाहेरची खरी मोकळी जागा असती तर काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' लिहिलं असतं. रंग पाहायची सवय ठेवा. प्रायमरी गडद निळा, लॉजिकल फिक्का निळा, एक्स्टेंडेडची कड हिरवी. कोणाची मशीन समोर आली की मी आधी रंगच पाहतो.

दुसरं कारण असं की 'एक्स्टेंड' फक्त लगेच उजवीकडे लागून असलेल्या अनअलोकेटेड जागेत होतं. सी आणि त्या ९० जीबीच्या मध्ये पूर्ण डी उभा आहे. चौकट नसती तरी जोडलं गेलं नसतं.

४ टीबीच्या डिस्कचं कारण त्याच तक्त्यात आहे. एमबीआरच्या नोंदीत सेक्टरचा आकडा ३२ बिटचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ४२९,४९,६७,२९६ सेक्टर. प्रत्येकी ५१२ बाइट धरले की बरोबर २०४८ जीबी. त्याच्या पुढची जमीन डिस्कवर आहे, पण तिचा पत्ता लिहायला आकडाच शिल्लक नाही. डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा 'इनिशियलाइज' विचारताना एमबीआर निवडलं गेलं असणार. जीपीटीत हा आकडा ६४ बिटचा आहे, तिथं ही अडचण येत नाही.

आर्णीरोड_स्टुडिओ

भाऊ, पहिल्यांदा समजलं! इतके दिवस त्या हिरव्या चौकटीचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. आता करायचं काय तेही सांगा. ४ टीबीत मी डी मधला अर्धा डेटा कॉपी करून ठेवला आहे.

यवतमाळ_नेट

सोपा उपाय आहे. डिस्क डायनॅमिक करून टाका. डायनॅमिकमध्ये लागून जागा नसली तरी व्हॉल्यूम वाढवता येतो.

पूर्णाकाठ

यवतमाळ_नेट दादा, कृपया हा सल्ला देऊ नका, मी हात जोडून सांगतो. डायनॅमिक डिस्कमध्ये सिंपल, स्पॅन्ड, स्ट्राइप्ड, मिरर्ड असे व्हॉल्यूमचे प्रकार मिळतात हे खरं. पण विंडोजमधूनच डायनॅमिकची पुन्हा बेसिक करायची तर सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात. मायक्रोसॉफ्टनं स्वतः ही पद्धत कालबाह्य ठरवली आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत ती चालत नाही, लिनक्स सोबत टाकायचं तर त्रास, आणि पुढं जीपीटी करणारं साधनही डायनॅमिक डिस्कला हात लावत नाही. दोन डिस्क मिळून स्पॅन्ड केलं आणि त्यातली एक गेली तर पूर्ण व्हॉल्यूम गेला. लोकांच्या लग्नाचं शूटिंग त्यावर आहे, ते परत काढता येत नाही.

स्टुडिओवाले भाऊ, तुमच्याजवळ ४ टीबीची डिस्क आहे हीच मोठी सोय आहे. क्रम असा ठेवा. नव्या डिस्कवर जे कॉपी केलं त्याची मूळ प्रत डी मध्ये आहे ना ते चार-सहा फाइली उघडून पाहून घ्या. मग नव्या डिस्कवरचा व्हॉल्यूम डिलीट करा, डावीकडं जिथं 'डिस्क १' लिहिलं असते त्या पाटीवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' निवडा. त्या डिस्कवर एकही पार्टिशन असलं तर हा पर्याय फिक्का राहते. जीपीटी झाली की साधारण ३७२६ जीबीचं एकच पार्टिशन पाडता येईल. कंपनी एक टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीनं मोजते, म्हणून ४ टीबीचे ३७२६ आणि तुमच्या एक टीबीचे ९३१ दिसतात. त्यात कोणी फसवलं नाही.

मग डी चा सगळा डेटा नव्या डिस्कवर घ्या, नुसता आकडा न जुळवता व्हिडिओ चालवून पाहा. त्यानंतरच डी डिलीट करा. सी च्या उजवीकडं ३०० जीबी अनअलोकेटेड होईल आणि 'एक्स्टेंड' लगेच दबेल. पूर्ण घेऊ नका, सी ला १५० जीबी जोडा, उरलेल्यात पुन्हा प्रायमरी पार्टिशन करता येईल.

एक बारीक गोष्ट, तुमच्या धंद्यात फार महत्त्वाची. एडियससारख्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये क्लिपचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट लिहिलेला असते. डी वरचं काम एफ वर गेलं की सगळ्या क्लिप ऑफलाइन दिसतात. म्हणून जुना डी काढल्यावर नव्या डिस्कलाच 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून डी अक्षर द्या आणि फोल्डरची रचना तीच ठेवा.

संत्रापट्टा_वरुड

पार्टिशन सरकवणारं सॉफ्टवेअर मिळते ना फुकट? डी न पुसता ई कडे सरकवून देते म्हणतात.

पूर्णाकाठ

मिळतात, आणि चांगलीही आहेत. पण इथं डी ला सरकायला आधी ई उजवीकडे न्यावा लागेल, चौकट लहान करावी लागेल, मग डी सरकेल. म्हणजे डिस्कवरचा बहुतेक सगळा डेटा उचलून दुसऱ्या जागी लिहायचा. साध्या हार्ड डिस्कवर ते तासन्‌तास चालतं, आणि मध्येच लाइन गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. आपल्याकडं गावात लाइनचा भरवसा किती ते सगळ्यांना ठाऊक आहे. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या मशीनवर मी हे काम हातात घेत नाही. दुसरी डिस्क हाताशी असताना तर गरजच नाही.

बोरधरण

माझा प्रश्न वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारते. नवीन लॅपटॉप घेतला, ५१२ जीबी एसएसडी, त्यात सी एकटाच दिसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र २६० एमबीचा ईएफआय आणि शेवटी जवळपास एक जीबीचा रिकव्हरी असे दोन लहान भाग आहेत. मैत्रीण म्हणते ते उडवून जागा वाढव. आणि सी चे दोन भाग करावे का?

पूर्णाकाठ

ताई, ते दोन्ही अजिबात उडवू नका. तुमचा लॅपटॉप जीपीटीवर आहे. जीपीटीत प्रायमरी-लॉजिकल ही भानगडच राहत नाही, सगळे भाग एकाच पातळीवर, आणि विंडोज १२८ पर्यंत करू देतं. पण प्रत्येक भागाला त्याच्या कामाचा शिक्का असतो. ईएफआय सिस्टिम पार्टिशन फॅट ३२ मध्ये असतं. मशीन चालू होताना मदरबोर्डचं यूईएफआय, म्हणजे मशीन उठवणारा नव्या पद्धतीचा प्रोग्राम, तिथूनच विंडोजचा बूट लोडर उचलतं. ते गेलं तर सी मधलं सगळं सुखरूप असूनही विंडोज उठणार नाही. आणखी एक १६ एमबीचं 'मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड' असतं, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतही नाही. रिकव्हरीमधून विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. दोन्ही मिळून दीड जीबीही भरत नाही, त्यासाठी एवढी जोखीम कशाला?

जीपीटीची आणखी एक बाजू मला फार आवडते. तिचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असतो आणि दुसरी प्रत अगदी शेवटी. दोन्हींवर तपासणीचा आकडा असतो, त्यामुळं पहिला बिघडला तर ते कळतं आणि शेवटच्या प्रतीवरून दुरुस्त करता येतं. एमबीआरमध्ये तो एक सेक्टर गेला की नोंदच गेली.

सी चे दोन भाग करायचे असतील तर 'श्रिंक व्हॉल्यूम' नं करता येतात. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर डी मधला अभ्यास जागेवर राहतो, एवढा फायदा नक्की. वेगात फरक नाही. कधी कधी २०० जीबी मोकळी असूनही श्रिंक थोडीच जागा देतं, कारण पेजफाइलसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्ये बसलेल्या असतात. आणि आधी बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू असतं आणि बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

धारणी_गुरुजी

चांगली चर्चा आहे. मी जिल्हा परिषद शाळेत आहे, मेळघाटात. शाळेतल्या जुन्या मशीनवर विंडोजसोबत लिनक्स ठेवतो. माहितीत थोडी भर घालतो. लिनक्समध्ये सी-डी अशी अक्षरं नसतात. डिस्कचं नाव एसडीए असेल तर एमबीआरवर १ ते ४ हे आकडे प्रायमरी आणि एक्स्टेंडेडसाठी राखीव, आणि पहिला लॉजिकल भाग दोनच पार्टिशन असली तरी ५ नंबरपासूनच सुरू होतो. मुलं विचारतात सर, ३ आणि ४ कुठं गेले? विंडोजसाठी पहिला भाग प्रायमरी लागतो, लिनक्स मात्र लॉजिकलवरूनही सुखानं चालू होतं. म्हणून जुन्या मशीनवर विंडोजला प्रायमरी देतो आणि लिनक्सचा मूळ भाग, होम (वापरणाऱ्यांच्या फाइलींची जागा) आणि स्वॅप (रॅम कमी पडली तर लागणारी जागा) तिन्ही लॉजिकलमध्ये टाकतो. होम वेगळं ठेवलं की दरवर्षी सिस्टिम नवी टाकली तरी मुलांची चित्रं आणि निबंध शाबूत राहतात.

आर्णीरोड_स्टुडिओ

गुरुजी, नमस्कार. पूर्णाकाठ भाऊ, तुम्ही सांगितल्या क्रमानं काम केलं. ४ टीबी पूर्ण दिसून राहिली, सी २५० जीबी झाला, एडियसचे प्रोजेक्ट जसेच्या तसे उघडले.

आता गिऱ्हाइकाचा रोजचा प्रश्न. लग्नाची पूर्ण फिल्म ९-१० जीबीची होते. लोक ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणतात, त्यात २८ जीबी मोकळी असते, तरी 'फाइल इज टू लार्ज' येते. लोकांना वाटते मी पैसे वाढवायला सांगून राहिलो.

पूर्णाकाठ

ही तिसरी गोष्ट, फाइल सिस्टिमची. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये असतो, आणि फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढं जात नाही, जागा कितीही असो. फाइलचा आकार लिहायला तिथंही ३२ बिटच आहेत. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्या. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता-वाचता येतं, लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१९ पासून आहे. एनटीएफएस केलं तर मॅकवर वाचता येईल पण लिहिता येणार नाही.

घरच्या टीव्हीचं मात्र विचारून घ्या. जुने काही टीव्ही फक्त फॅट ३२ वाचतात. त्यांच्यासाठी फिल्मचे हळद, लग्न, रिसेप्शन असे ४ जीबीच्या आतले भाग करून द्या. म्हाताऱ्या माणसांना तेच पाहायला सोपं जातं. आणि एक्सफॅटमध्ये एनटीएफएससारखी चालू बदलांची नोंदवही नसते, म्हणून काम चालू असताना ओढून काढू नका, 'इजेक्ट' करूनच काढा.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. तुमचा डी आता ४ टीबीवर आहे आणि जुना डी पुसला गेला. म्हणजे शूटिंगची प्रत एकच उरली. 'डी मध्ये ठेवलं, सी उडाला तरी चालते' असं जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक मला सांगते. विंडोज उडाल्यावर ते खरं आहे. पण त्यांच्या मशीनवर सी, डी, ई हे एकाच डिस्कचे भाग असतात. डिस्कची मोटर बसली, खाली पडली, वीज पडून मशीन जळाली, तर तिन्ही एकदम जातात. मृगाच्या पहिल्या विजांनंतर माझ्या टेबलावर अशा डिस्कांची रांग लागते आणि त्यात कोणाच्या तरी गेलेल्या बापाचे एकुलते एक फोटो असतात. दुसरी डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा प्रत काढा आणि ती स्टुडिओत न ठेवता घरी ठेवा.

यवतमाळ_नेट

डायनॅमिकबद्दल पटलं, माझा सल्ला मागे घेतो. विचारायचं हे की पार्टिशन चुकून डिलीट झालं तर परत येते का?

पूर्णाकाठ

साध्या हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा येतं, कारण डिलीट म्हणजे तक्त्यातली नोंद पुसली जाते, आतला डेटा तसाच असतो. अट एकच, त्यानंतर त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारेल, त्याला नाही म्हणा. टेस्टडिस्क नावाचं फुकट साधन हरवलेली पार्टिशनं शोधून नोंद पुन्हा लिहून देतं. एसएसडीवर मात्र आशा कमी. तिथं फॉरमॅट केल्यावर विंडोज ट्रिमचा आदेश देतं आणि डिस्क ती जागा आतून साफ करून टाकते.

आर्णीरोड_स्टुडिओ

शेवटचं. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. माझं प्रोसेसर आठव्या पिढीचं आय ३ आहे, ११ चालेल म्हणतात. पण तपासणीचं ॲप सिक्युअर बूट नाही म्हणते. याचा पार्टिशनशी संबंध आहे का?

पूर्णाकाठ

थेट संबंध आहे. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन उठताना फक्त सही असलेलाच प्रोग्राम चालू देणारी सोय, यूईएफआयमध्येच चालतं, आणि यूईएफआयनं विंडोज उठवायला डिस्क जीपीटी लागते. तुमची एक टीबीची डिस्क अजून एमबीआर आहे, कारण असेम्बल करताना लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये विंडोज टाकली गेली.

डेटा न पुसता बदलता येते. विंडोज १० मध्येच २०१७ च्या आवृत्तीपासून 'एमबीआर टू जीपीटी' नावाचं साधन आहे, कमांड प्रॉम्प्टवरून चालवायचं. पण त्याच्या अटी आहेत: प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल एकही नको. म्हणजे तुमची हिरवी चौकट इथं आडवी येते. ई मधला डेटा ४ टीबीवर न्या, तपासा, ई डिलीट करा, मग उरलेली रिकामी पोपटी चौकटही वेगळी डिलीट करा. पट्टी काळी झाली पाहिजे. सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि उरलेल्या जागेत केलं असेल तर ते एक, असे तीन राहतील. आधी 'व्हॅलिडेट' चालवा. ते नुसतं तपासतं, बदल काही करत नाही. त्यात पास झालं तरच 'कन्व्हर्ट'.

झाल्यावर लगेच बायोसमध्ये जाऊन लेगसी किंवा सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद करून यूईएफआय चालू करा, नाहीतर विंडोज उठणार नाही. तिथंच विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, टीपीएमही चालू करून घ्या, इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावानं असते. हे सगळं करताना यूपीएस लावलेला पाहिजे. तुमच्याकडं नसेल तर मशीन घेऊन मूर्तिजापूरला या, किंवा यवतमाळात ज्यांच्याकडं यूपीएस असेल त्यांच्या टेबलावर करा.